‘एकदा मुरलेलं औषध बाहेर येत नाही’ म्हणे!

प्रेशर ट्रीटमेंट केलेल्या, म्हणजे कीड-कुज लागू नये म्हणून दाबाने औषध आत शिरवलेल्या, हिरवट लाकडाबद्दल एक संदेश सध्या फिरतोय. त्यात म्हटलंय की औषध लाकडात कायमचं मुरतं, म्हणून भाजीच्या वाफ्याला फळ्या बिनधास्त लावा आणि उरलेले तुकडे चुलीत घाला. रसायन नकोच असेल तर बोरॅक्सचं (टाकणखाराचं) पाणी मारा, तेही तितकंच टिकतं.

‘कायमचं मुरतं’ हे अर्धंच खरं. हिरवट झाक बहुधा तांब्याची. यातलं जुनं, गाजलेलं औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. ते सोंटी कामेसन यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं. दाबाने आत शिरताना हे सगळं पाण्यात विरघळलेलंच असतं. मग लाकडाशी अभिक्रिया होऊन षट्‌संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होतं, म्हणजे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या रूपात जातं, आर्सेनिक त्याच्याशी जखडलं जातं आणि तांबं लाकडाला बळकटी देणाऱ्या लिग्निनसारख्या घटकांना चिकटतं. याला उबेत काही दिवस लागतात, थंडीत काही आठवडे. शिवाय ओलावाही लागतो, त्यामुळे ‘वरून सुकलं, म्हणजे पक्कं झालं’ हा हिशेब चुकतो. पक्कं होण्याआधीच माल पावसात पडला तर औषध सरळ वाहून जातं.

पक्कं झाल्यावरही झिरपणं थांबत नाही. पहिल्या पावसात सर्वांत जास्त, पुढे कमी कमी. क्रोमियम चिवट, तांबं आणि आर्सेनिक लवकर सुटतात. फळीच्या कापलेल्या टोकातून आणि भुशातून तर फारच. वाफ्यात कुजणाऱ्या पालापाचोळ्याची आम्लं त्यात भर घालतात. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे औषध २००३ अखेर कंपन्यांनीच मागे घेतलं, ते उगाच नव्हे.

चुलीचा सल्ला मात्र निव्वळ घातक. आर्सेनिक हा धातूसदृश घटक, तो जळून नाहीसा कसा होणार? काही धुरातून जातो, बाकीचा राखेत उरतो, आणि राखेतून तो लाकडापेक्षा सहज विरघळतो. आपल्याकडे त्याच राखेने भांडी घासतात, झाडांनाही घालतात.

राहिला बोरॅक्स. वाळवी-भुंग्यावर तो उत्तम, बांबूच्या खुर्चीला किंवा कौलांखालच्या वाशाला जरूर वापरा. पण त्यातला बोरॉन लाकडाशी बांधलाच जात नाही, ओलाव्याबरोबर आत-बाहेर फिरत राहतो. कुंपणाचा खांब बोरॅक्समध्ये बुडवून जमिनीत पुरलात, तर पावसाळा ते सगळं हळूहळू मातीत उतरवील आणि वाळवीला खांब मोकळा मिळेल.