पाचवी चप्पल

परश्याने तिकिटाचा फोटो दाखवला आणि कट्टा पेटला. तिकिटाच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं: 'राइडमध्ये स्वतःच्या जबाबदारीवर बसावे.'

"संपला विषय," परश्या म्हणाला. "वाचलंस, बसलास, पाय गेला. आता कोणाच्या नावाने बोंबलणार?"

सुन्या वकिली करतो, त्यामुळे तो लगेच सरसावला. "बेल्ट लाव सांगूनही तू तो सोडलास, तर तुझं चुकलं. पण त्यांचा ब्रेक लागला नाही तर ती जबाबदारी तुझी कशी? इंग्लंडात १९७७ पासून कायदाच आहे. निष्काळजीपणामुळे कोणी जखमी झालं किंवा दगावलं, तर 'आम्ही जबाबदार नाही' ही पाटी कोर्टात चालत नाही."

"मग छापतात कशाला?"

"तुझ्यासारखे वाचून गप्प बसतात म्हणून."

इंग्लंडचं नाव निघालं तसा मंग्याने तिथल्या आल्टन टॉवर्स या मनोरंजन पार्कचा विषय काढला. मंग्या लिफ्ट दुरुस्त करतो. स्मायलर नावाच्या रोलरकोस्टरवर २ जून २०१५ ला झालेला अपघात त्याला पाठ आहे, आणि सांगायला लागला की थांबत नाही. या वेळी त्याने सांगितलं नाही, करून दाखवलं.

"चपला काढा. प्रत्येकाने एकेक."

कट्ट्याची कड म्हणजे रूळ. त्यावर खडूने रेघा मारून त्याने तुकडे पाडले. हे ब्लॉक. एका ब्लॉकात एकच गाडी, पुढचा मोकळा झाल्याशिवाय मागची सुटायची नाही. रेल्वेच्या सिग्नलसारखंच. परश्याला त्याने इंजिनिअर केलं आणि चार चपला मोजायला लावल्या. मग म्हणाला, "आता तोंड फिरव." परश्याची पाठ वळल्यावर उरलेली माझी चप्पल उचलून त्याने कोपऱ्यापलीकडे ठेवली, परश्याच्या जागेवरून दिसणार नाही अशी.

"ही पाचवी गाडी. राइडवर आणलेली, पण इंजिनिअरला कोणी सांगितलं नाही. चाचणीसाठी रिकामी सोडली, चढ चढू शकली नाही, खाली खोलगटात अडकली. हं परश्या, मागची गाडी सोड. तिच्यात सोळा माणसं आहेत."

परश्याने चप्पल ढकलली. मंग्याने मध्ये पंजा घातला. "मी कॉम्प्युटर. थांब."

"का थांब? चार मोजल्या, चारही जागेवर आहेत."

"मी कारण सांगत नाही. थांब म्हणतो."

"तुझं डोकं फिरलंय," असं म्हणून परश्याने त्याचा पंजा बाजूला केला आणि चप्पल सरकवली. कोपऱ्यापलीकडे ती माझ्या चपलेवर जाऊन आदळली.

दोन क्षण कोणी काही बोललं नाही. मग परश्या चिडला. "ही फसवणूक झाली! मला पाचवी सांगितलीच नाहीस."

"हेच तर म्हणतोय मी."

आता खरं सांगतो, तोवर मीही 'बटण दाबणाऱ्याला आत टाका' याच मताचा होतो. ज्याचं बोट, त्याचा गुन्हा. पण तपासात रूळ, गाड्या, कंट्रोल सिस्टीम, कशातच बिघाड निघाला नाही. यंत्र बरोबर थांबलं होतं. मग खटला कोणावर? पार्क चालवणाऱ्या मर्लिन कंपनीवर. तिने गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिला पन्नास लाख पाउंड दंड झाला.

सगळ्यांचा सूर कंपनीच्या विरोधात जुळायला लागला, तेव्हा मंग्याच फिरला. "बोट निर्दोष नाही रे. मी गेल्या वर्षी काय केलं सांगू? एका इमारतीत लिफ्टच्या दाराचं लॉक सारखा खोटा फॉल्ट दाखवायचं. दर दोन दिवसांनी फोन. शेवटी वैतागून जंपर मारला. म्हणजे वायरीने वायर जोडली, दार उघडं असलं तरी लिफ्टला बंदच वाटणार. यंत्र रोज खोटं ओरडायला लागलं की माणूस त्याचं ऐकणं सोडतो. ज्या दिवशी ते खरं ओरडतं, त्या दिवशीही."

परश्याला वाद लवकर संपवायचा होता. "जाऊ दे, पन्नास लाख पाउंड मिळाले ना! कल्याण झालं त्या जखमी झालेल्यांचं."

"दंड सरकारजमा होतो, गाढवा," सुन्या म्हणाला. "भरपाईचा दावा वेगळा, आणि तो वर्षानुवर्षं चालू शकतो."

वैशाली इतका वेळ ऐकतच होती. ती फिजिओ आहे. "तुम्ही गाड्याच मोजताय," ती म्हणाली. "पहिला इमर्जन्सी कॉल करायलाच सतरा मिनिटं लागली. मग चार तासांहून जास्त वेळ माणसं तिरक्या गाडीत, वर अडकलेली, पाय लोखंडात चिरडलेले. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला."

"पण हल्ली कृत्रिम पाय—" परश्या.

"पाय म्हणजे चप्पल नाही, घातली की चालायला लागलास. ऑपरेशननंतर उरलेला भाग महिनोन् महिने आकसत जातो. आज घट्ट बसणारं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची तो भाग बसवायची खोबण, दोन महिन्यांनी हलायला लागतं, हललं की कातडी सोलते, कातडी सोलली की पाय काढून ठेवायचा, म्हणजे पुन्हा कुबड्या. नवं सॉकेट, पुन्हा तोल, पुन्हा पहिल्यापासून जिना. पाय गुडघ्याच्या वर कापलाय की खाली, यावर सगळं गणित बदलतं. माझ्याकडे एकजण येतो, नसलेल्या अंगठ्याला रात्री पेटके येतात म्हणून झोपत नाही. चोळायचं कुठे, सांग. आणि हे वयाच्या विसाव्या वर्षी सुरू झालं तर पुढची पन्नास-साठ वर्षं. भरपाईचा आकडा काढणाऱ्याने एवढं सगळं आजच मोजायचं असतं."

परश्याने फोन उलटा करून ठेवला. आम्ही आपापल्या चपला ओळखून उचलायला लागलो.

"मंग्या," परश्या अचानक म्हणाला, "तो जंपर काढलास ना रे?"

"काढला की. दुसऱ्या दिवशी, नवीन लॉक आल्यावर."

"दुसऱ्या दिवशी? आणि त्या रात्री लिफ्ट?"

मंग्या माझी चप्पल घालून उभा होता. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"चालू होती," तो म्हणाला.