नाव घातलेला डबा

परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला. तुम्हालाही आलाच असेल. तिकडे मुलगा अठराचा झाला की आईबाप त्याला घराबाहेर काढतात, मग म्हातारपणी मुलं त्यांना विचारत नाहीत, आणि आपल्याकडे बघा कसे संस्कार. खाली नमस्काराचे हात, फुलं, एकाने तर तिरंगा पण टाकलाय, का ते त्यालाच ठाऊक. मी उत्तर टाईप करायला घेतलं होतं पण त्या ग्रुपवर आई पण आहे, म्हटलं राहू दे, इथे लिहितो.

मी २०१३ ते २०१५ जर्मनीत स्टुटगार्टला मास्टर्स करत होतो. तेव्हा तिथे फी नव्हती, २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, त्यामुळे मला इनबॉक्समध्ये खर्च विचारू नका. तर तिकडे कायदाच असा आहे की मुलाचं पहिलं शिक्षण, म्हणजे पहिली पदवी किंवा कामधंद्याचं प्रशिक्षण, पूर्ण होईपर्यंत खर्च आईबापांनी करायचा, अठरा झाले म्हणून सुटका नाही, मुलगा कोर्टात जाऊ शकतो. शिकत असेल तर पंचविशीपर्यंत सरकार आईबापांना त्याच्यासाठी दर महिन्याला पैसे देतं. घरची कमाई कमी असेल तर बाफ्योग म्हणून मदत मिळते, अर्धी फुकट, अर्धी बिनव्याजी कर्ज. मुलं बाहेर पडतात कारण त्यांना ते परवडतं. मला परवडलं असतं तर मी पण अठराव्या वर्षी पडलो असतो, सॉरी आई. आणि म्हातारपणाचं म्हणाल तर आईबापांच्या देखभालीचा खर्च मुलांकडून घ्यायची सोय तिकडच्या कायद्यात आहे, २०२० पासून फक्त वर्षाला एक लाख युरोच्या वर कमावणाऱ्यांकडून घेतात एवढंच. आपल्याकडे २००७ साली तसाच कायदा करावा लागला ना? नुसत्या संस्कारांवर भागलं असतं तर कशाला केला असता.

असो. मला खरं वेगळंच सांगायचंय.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. १९२० च्या दशकात इंग्रजांनी बांधलेल्या चाळी, मधे लांब अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि कॉमन संडास. आमच्या खोलीत आजी, आईबाबा, लग्न होईपर्यंत आत्या, ताई आणि मी. दरवाजा लागायचा तो रात्री झोपताना. आता लोक डोळ्यात पाणी आणून म्हणतात, काय ती माणुसकी, दारं कायम उघडी. अरे, १६० फुटांत सहा माणसं, दार लावलं असतं तर गुदमरलो असतो! माझा बारावीचा सगळा अभ्यास पॅसेजच्या ट्यूबलाईटखाली झाला आणि येणारा जाणारा प्रत्येक जण विचारायचा, किती झाला रे.

आजोबा मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो आमच्या घरात कधी मिटलाच नाही. मी नंतरचा, पण आजी सांगायची की त्या दीड-दोन वर्षांत समोरून डाळ यायची, शेजारून तेल, कोपऱ्यातल्या वाण्याने वही भरेपर्यंत उधार दिलं. भांडी घरात कमी आणि पॅसेजमध्ये जास्त असायची. म्हणून आमच्याकडे वाटीपासून पिंपापर्यंत सगळ्यावर नाव घातलेलं, टोचून टोचून कोरलेलं, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते पण. आणि नियम एकच, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

त्यातलाच आजीच्या नावाचा एक स्टीलचा डबा माझ्याबरोबर स्टुटगार्टला गेला.

तिथे फायहिंगेन नावाच्या भागात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये होतो. एक मी, एक आपल्याच मुंबईचा, मलबार हिलचा मुलगा, आणि तिसरी जर्मन मुलगी, श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावातली. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा, दुधाच्या खोक्यावर मार्करने नाव. पहिल्याच आठवड्यात मी शिरा केला आणि डबा भरून तिला दिला. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या खोलीच्या दाराशी. लख्ख घासलेला, कोरडा पुसलेला, आत एक चिठ्ठी, थँक्यू म्हणून. बाकी रिकामा.

हसू नका पण मला रात्री झोप लागली नाही. मलबार हिलवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, अरे धुऊन तर दिलाय, अजून काय हवं? त्याचं बरोबरच होतं. त्याच्या घरी डबे कुठे जातच नव्हते तर परत कसे यायचे ते त्याला काय माहीत असणार.

काही दिवसांनी तिनेच विचारलं डब्यावर काय कोरलंय. मी सांगितलं, आजीचं नाव. तिला वाटलं चोरीला जाऊ नये म्हणून. म्हटलं नाही गं, डबा जाणारच असतो, परत कुठे यायचं ते कळावं म्हणून. ती बराच वेळ फ्रिजकडे बघत होती, त्या दुधाच्या खोक्याकडे.

पण म्हणून आम्ही उदार आणि ते कोरडे असं नाहीये. टॉयलेट पेपरचे माझ्या वाट्याचे एक युरो चाळीस सेंट तिने मागितले तेव्हा मला अपमान वाटला, आणि महिनाभराने एकदम आठवलं, आमच्या कपाटात आहेराची वही आहे! ताईच्या लग्नात कुणी १०१ दिले, कुणी कुकर दिला, सगळं तारखेसकट, आणि त्यांच्या घरी लग्न निघालं की आई आधी वही काढते. हिशोब आम्ही पण ठेवतो, फक्त मागत नाही. मनात ठेवतो. मला तर एक चाळीस परवडले.

आणि मग केअरवोख. ही त्या भागातली जुनी पद्धत, पंधराव्या शतकापर्यंत मागे नेतात. बिल्डिंगचा जिना आणि दारासमोरचा भाग झाडायची पुसायची आठवड्याची पाळी, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. केराचा आठवडा, शब्दसुद्धा आपलाच वाटतो. मलबार हिलवाल्याने पाटी बघितली आणि विचारलं, इथे बाई मिळत नाही का? मी आणि ती बादली घेऊन जिन्यावर बसलो. फडकं पिळायची पद्धत सेम. आमच्या पॅसेजची पाळी कशी असायची, त्यावरून बायकांची कशी भांडणं व्हायची, कोण पाणी मुद्दाम आमच्या उंबऱ्याकडे लोटायचं, सगळं सांगितलं, तर ती म्हणाली आमच्या गावात भांडत नाहीत, चिठ्ठी लावतात. ते मला जास्त भयंकर वाटलं.

तिकडे मोठी शहरं सोडली तर आग विझवायला पगारी माणसं जवळजवळ नसतातच, गावातलेच लोक असतात. ती शाळेत असल्यापासून त्या दलात होती, सराव असला की गावी जायची. मी तिला जांबोरी मैदान, मंडळ, वर्गणीची पावती पुस्तकं, पोरांना पहाटेपर्यंत राबवणारे अण्णा, हे सगळं सांगायचो आणि तिला ते लगेच कळायचं. त्याला कळायचं नाही. त्याचा आणि माझा पासपोर्ट एक, शहर एक, आणि बाथरूम धुवायचं कुणी यावर दोन वर्षांत एकमत झालं नाही. तिकडे मला गाव विचारलं की मी आधी देवगड सांगायचो, जिथे मी फक्त मे महिन्यात गेलोय. नंतर नुसतं पॅसेज म्हणायला लागलो.

आता माझी एक लाज वाटणारी गोष्ट. तिने एकदा गावच्या जत्रेला बोलावलं, त्यांच्या दलाचीच होती. मी म्हटलं येतो, नक्की येतो. आपल्याकडे 'येतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, नाही म्हणून तुझं मन मोडत नाही एवढाच त्याचा अर्थ. शनिवारी मी झोपलो होतो. अकराला फोन. तिच्या बाबांनी स्टेशनवर गाडी आणली होती, आईने माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं केलं होतं, वरच्या खोलीत अंथरूण घातलं होतं. ती चिडली नाही, काळजीने विचारलं, बरं नाहीये का? आणि मी म्हटलं हो, ताप आहे. संध्याकाळी ती सूप घेऊन परत आली, जत्रा अर्धी सोडून. ते सूप मी कसं प्यायलो माझं मला माहीत. वीस बिऱ्हाडांच्या मजल्यावर रोज सगळ्यांशी गोड राहायचं तर असं खोटं लागतंच, पाण्याच्या रांगेत सकाळी परत तेच चेहरे असतात. पण ते खोटं होतं, आणि त्याला मी पंचवीस वर्षं संस्कार म्हणत होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीला चाळींच्या जागी बांधलेल्या नव्या टॉवरमधल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात आमची एक. १६० चे ५०० फूट झाले, संडास घरात, लिफ्ट, सगळं मस्त. मला त्या चाळीचं अजिबात वाईट वाटत नाही, रांगेत टमरेल घेऊन उभं राहिलेल्या माणसाने चाळीच्या आठवणी काढून रडू नये. आईने पहिले आठ दिवस दार उघडं ठेवलं. मग वारा फार येतो, धूळ येते, एसी लावला की बंदच करावं लागतं.

घरवाटपाच्या लॉटरीत आमच्या समोरच्या काकू दोन मजले खाली आल्यात. संपात डाळ द्यायच्या त्याच. गेल्या महिन्यात आईने आजीच्या त्याच डब्यातून त्यांना नारळाच्या वड्या पाठवल्या. चार दिवसांनी त्यांचा नातू डबा घेऊन आला, कानात हेडफोन, दारातूनच दिला आणि गेला. आईने झाकण उघडलं, आत बघितलं. घासलेला होता, छान कोरडा. झाकण परत लावलं आणि म्हणाली, "घाईत असेल रे ती."