‘इज’ आणि ‘==’ एकच नव्हेत

कोपरखैरण्यात राहणारा माझा भाचा सोसायटीच्या पार्किंगची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम पायथन या संगणकीय भाषेत लिहीत आहे. गेल्या आठवड्यात त्याची तक्रार आली की पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांवरच्या सदनिका शोधता येतात, पण ३०१ पासून वरची एकही सापडत नाही. यादी अचूक होती. घोळ होता तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुरात, जो वाचून त्याने सगळीकडे तुलनेचे ‘==’ हे चिन्ह काढून ‘इज’ (is) घातले होते: “दोन्हींचा अर्थ एकच, ‘इज’ वेगवान, म्हणून नेहमी तेच वापरा.”

हे विधान नुसते चुकीचे नाही, फसवे आहे, कारण ते अर्धा वेळ खरे वाटते. ‘==’ दोन किमती समान आहेत का ते पाहते; ‘इज’ मात्र दोन्ही नावे स्मृतीतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का, एवढेच विचारते. आपले पायथन प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणाऱ्या, नेहमीच्या वापरातल्या सीपायथनच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्या −५ ते २५६ हे पूर्णांक आधीच तयार करून ठेवतात आणि प्रत्येक वेळी तीच वस्तू देतात. म्हणून २०४ जुळला. ३०१ हा आकडा यादीत वेगळा आणि टंकलेला वेगळा, अशा दोन वस्तू झाल्या आणि तिसरा मजला नाहीसा झाला. ही सोय भाषेने दिलेले वचन नव्हे, त्यामुळे तिच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहिणे हा निव्वळ अविचार आहे. गंमत म्हणजे मजकुरातले वय १८ शी ‘इज’ने ताडण्याचे उदाहरण चालवले, तर २०१९ साली आलेल्या ३.८ आवृत्तीपासून पायथन स्वतःच इशारा देते आणि ‘==’ म्हणायचे होते का, असे विचारते. पाठवणाऱ्याने ते एकदाही चालवून पाहिलेले दिसत नाही.

‘इज’ला काम कमी असते, म्हणून ते वेगवान असते, हे मान्य करावे लागते, आणि ‘नन’शी (None, म्हणजे ‘किंमतच नाही’ हे दाखवणारी खूण) तुलना ‘इज’नेच करावी, असे पायथनची अधिकृत लेखनशैली ‘पेप ८’ स्पष्ट सांगते. पण ‘नन’ ही एकच वस्तू असते, सदनिका क्रमांक तसा नसतो.

०.१ + ०.२ हे ०.३ शी ‘==’ने जुळत नाही, म्हणून पायथन कच्ची आणि जावा ही दुसरी भाषा पक्की, हा त्याच मजकुरातला दुसरा दावा जावात तीच बेरीज करून पाहिली की संपतो. दोन्हींचे दशांश आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे द्विमान पद्धतीत साठतात आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. अशा ठिकाणी पायथनच्या ‘मॅथ’ या गणिती संचातले, दोन आकडे पुरेसे जवळ आहेत का ते पाहणारे ‘इजक्लोज’ वापरावे. पैशांचा हिशोब पूर्णांक पैशांत ठेवावा.

‘३५ <= गुण <= १००’ ही, गुण ३५ ते १०० मध्ये आहेत का ते पाहणारी साखळी सगळ्या भाषांत चालते, हा त्यातला तिसरा दावाही खोटा. जावा ती संकलितच करत नाही, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच चूक दाखवते. सी भाषेत पहिल्या तुलनेचे उत्तर ० किंवा १ येते आणि तेच पुढे १०० शी ताडले जाते, त्यामुळे तिथे १२ गुणांचा विद्यार्थीही उत्तीर्ण होतो.