घरातला फोन कोण वाचतंय?

कॉलेजात गॅदरिंग जवळ आलं की वक्तृत्व स्पर्धेच्या फळ्यावर विषय लागतो, 'मोबाईल : शाप की वरदान'. दोन्ही बाजूंचे मुद्दे सगळ्यांना पाठ, टाळ्या कुठे पडणार तेही ठरलेलं. यंदा मला नाव द्यायला सांगितलं होतं, मी दिलं नाही. हा प्रश्न माझ्या घराला लागूच होत नाही. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आज फोन नको म्हटलं तर रेशन अडतं, पीकविमा अडतो, कापसाचा हमीभाव हातचा जातो. फोन घरात आलाय आणि तो राहणार आहे. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर : घरात तो वाचतं कोण, आणि बाकीची माणसं कोणाच्या भरवशावर त्याच्यावर बोट ठेवतात.

मी तिसऱ्या वर्षाला आहे, जळगावला रेल्वेने अप-डाउन करते. आमच्या घरात फोन वाचणारी मीच. संध्याकाळी घरी आले की आधी चहा आणि मग सगळ्यांचे मेसेज. बँकेचा कुठला, कंपनीचा कुठला, खोटा कुठला.

अप्पांचं सांगते. माझे वडील कापसाचं पान उलटं करून तुडतुडे आहेत की पांढरी माशी हे उभ्या उभ्या सांगतात. डोमकळी दिसली की बोंडअळी आत शिरलीय हे त्यांनी मला मी लहान असताना शिकवलं. मुठीत कापूस दाबून ओलावा किती असेल ते सांगतात. गावातली माणसं फवारणीच्या आधी त्यांना विचारायला येतात. आणि हाच माणूस फोन माझ्यापुढे धरून विचारतो, "याला हो म्हणू का गं बाई?"

पूर्वी सातबाऱ्यावर पीकपेरा तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभं राहून, फोटो काढून करायची असं ठरलं. कल्पना चांगलीच आहे. आपल्या शेताची नोंद आपणच करायची, कोणाच्या मागे फिरायला नको. पण बांधावर रेंज नाही, फोटो चढत नाही, गट नंबर निवडताना चुकला तर पुढे सगळंच चुकतं. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. लांब धाग्याच्या कापसाला तेव्हा क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. नोंदणी झाली नाही तर दारात खेडा खरेदीचा व्यापारी उभा असतोच, तो म्हणेल त्या भावाने माल मोजायचा. म्हणजे वर्षभराच्या मेहनतीचा भाव ठरण्याआधी एक ओटीपी यावा लागतो, आणि तो वाचणारं कोणीतरी घरात असावं लागतं. ज्या घरात पोरं पुण्याला, सुरतला कामाला गेली आणि म्हातारा-म्हातारीच उरली, त्या घराने काय करायचं? ती माणसं गल्लीतल्या कोणाच्या तरी पोराच्या हातात फोन, आधार आणि पासबुक तिन्ही देऊन मोकळी होतात. तो पोरगा चांगला निघाला तर ठीक.

अमळनेर म्हटलं की लोक विप्रो सांगतात. १९४५ साली इथे वनस्पती तेलाची कंपनी निघाली आणि पुढे तीच देशातल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक झाली. मलाही त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला ओटीपी म्हणजे काय, तो कोणाला सांगायचा, कोणाला नाही, हे शेजारी बसून कोणी समजावलेलं नाही, याचं मला वाईटही वाटतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावात. २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान स्वतः आले होते. तेव्हापासून अंगठा ही माणसाची ओळख झाली. आता माझ्या आजीचा अंगठा बघा. रेशनच्या ई-केवायसीला मी तिला घेऊन गेले. मशीनवर अंगठा ठेवला, लाल. साबणाने हात धुऊन आली, लाल. दुकानातल्या माणसाने सांगितलं, बोट केसांवर घासा म्हणजे जरा तेल लागेल. तेही केलं. दुसरं बोट, तिसरं बोट, मग डावा हात. मागे रांग, आणि आजी ओशाळलेली, जणू काही तिनेच काही लपवून ठेवलंय. शेवटी हात पदराला पुसत म्हणाली, "कापूस येची येची घसाई ग्यात बोटं."

मी तिचा हात उजेडात धरून पाहिला. खरंच रेषा नाहीत. बोंडाच्या टोकांनी, निंदणीच्या विळ्याने, शेण-मातीने त्या गेल्या. ज्या बाईने आयुष्यभर राबून धान्य पिकवलं, तिची धान्य घेण्याची ओळख त्या राबण्यानेच पुसली गेली. नंतर घरी येऊन मी चेहरा दाखवून फोनवरच तिचं ई-केवायसी केलं. अशी सोय आहे हे रांगेतल्या कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिथे कोणी सांगितलंही नाही. त्या दिवशी तशाच परत गेलेल्या बाया माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

आता जे खरं बोलायचंय तिकडे येते.

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोटासाठी गावोगाव फिरणारी, सोलापूरकडून आलेली. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. पाचही जण. मी तेव्हा सातवीत होते. आम्हाला शाळेतून एकटं घरी जाऊ देत नव्हते, कारण आमच्याही गावात तेच मेसेज फिरत होते : टोळी आलीय, अमुक गावातून पोरं गेली, तमुक फाट्यावर गाडी पाहिली. दारात येणारा गोसावी, बहुरूपी, भांडीवाला, सगळ्यांकडे माणसं वेगळ्याच नजरेने बघायला लागली होती. लहानपणी ज्यांना आजी सुपातून पीठ वाढायची, त्यांच्यासाठी दार लावून घेतलं जायचं.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका जनजागृती फिल्ममधला होता. मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि पालकांनो लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून सोडला. पुढे त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि 'फॉरवर्डेड' अशी खूणही दिसायला लागली. आपल्या फोनवर आज जी खूण दिसते, तिच्यामागे राईनपाडा आणि त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असेच मारले गेलेले लोक आहेत. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांना हे ठाऊकच नाही. खान्देशातल्या पोरांना तरी असायला हवं.

'अडाणी लोक होते, अफवेला भुलले,' असं शहरातले सहज म्हणतात. मला ते पटत नाही. माझी एक आत्या आहे, समजूतदार बाई, बचतगटाचा हिशोब तोंडी करते. तिला परवा मी म्हटलं, हे खोटं आहे, पुढे पाठवू नको. ती म्हणाली, "खोटं कसं ऱ्हाई? भाऊनी धाडेल शे." तिने मेसेजवर विश्वास ठेवलाच नव्हता, भावावर ठेवला होता. आपल्याकडे शब्द माणसावर तोलला जातो. सोयरिकी अशाच जमतात, उसनवारी अशीच चालते, कापूसही पुष्कळदा शब्दावर जातो. ही रीत चांगली आहे आणि तिच्यावर गावं उभी आहेत. फोनने तिच्यातच घुसून नुकसान केलं. मेसेज भावाकडून येतो, पण तो भावाचा नसतो. तो कुठून आला हे भावालाही माहीत नसतं. हा फरक आजवर कोणाला करावाच लागला नव्हता, तर तो कोणी शिकवावा? फरक आम्हाला कळतो, म्हणून आम्हीच शिकवायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

फसवणारे नेमकं हेच ओळखून आहेत. लग्नसराईत ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका येते, फाईलच्या नावापुढे एपीके लिहिलेलं असतं. पत्रिका म्हणून माणूस ती उघडतो, ॲप फोनमध्ये बसतं, ओटीपी परस्पर तिकडे जातात आणि खातं रिकामं होतं. लग्नाचं आमंत्रण उघडू नका असं खान्देशात कोणाला सांगणार? आपल्याकडे पत्रिका न बघणं हा अपमान असतो. म्हणून तेवढी एकच खूण शिकवावी लागते : पत्रिका फोटो म्हणून येते किंवा पीडीएफ येते, एपीके कधीच येत नाही.

पण फोनने दिलेलंही मोठं आहे. शाळेत असताना अहिराणी बोललं की 'नीट बोल' म्हणून दटावलं जायचं. जळगावात आल्यावर काही मैत्रिणी घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलायच्या, कोणी ऐकू नये म्हणून. आज लग्नाच्या हळदीत अहिराणी गाण्यांशिवाय डीजे वाजत नाही आणि त्याच मैत्रिणी ती गाणी स्टेटसला ठेवतात. हे कोणत्या सरकारी योजनेने झालं नाही, आपल्याच पोरांनी साधे कॅमेरे घेऊन केलं. मला त्यातलं सगळं आवडत नाही. बऱ्याच व्हिडिओंत अहिराणी बोलणारा माणूस बावळटच दाखवतात आणि पोरीवर गाणं म्हणजे तिच्या मागे लागण्याचंच गाणं. पण आमच्या मोठ्या काकू आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, लांबच्या लांब, एकीने सुरू करायचं आणि दुसरीने उचलायचं. मागच्या आखाजीला चुलत बहिणीने ती फोनवर भरून घेतली. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आपला आवाज बाहेरून ऐकला. फोन कानाला लावून त्या कितीतरी वेळ गप्प बसून होत्या, मग म्हणाल्या, तिसऱ्या कडव्यात एक ओळ राहिली, परत भर. त्या दिवसापासून त्या व्हॉइस मेसेज पाठवायला शिकल्या. लिहिता येत नाही म्हणून अडत नाही, सुरतच्या लेकीशी रोज अहिराणीतून बोलतात.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. यूट्यूबवर फुकट लेक्चर मिळतात म्हणून अभ्यासिकेत बसलेली कितीतरी पोरं मी ओळखते, क्लासची फी त्यांच्या घरून कधीच निघाली नसती. त्याच फोनवर रील्स वर सरकवता सरकवता रात्र जाते, हेही खरं. ते पान संपतच नाही अशी रचना २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या माणसाने केली आणि पुढे त्याचा पश्चात्तापही बोलून दाखवला. तेव्हा नुसतं पोरांनाच आळशी म्हणून चालणार नाही. आणि धडगाव-मोलगीकडच्या सातपुड्यातल्या माझ्या मैत्रिणीला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिच्यापुढे हा प्रश्न अजून यायचाच आहे.

पोरींबद्दल मात्र बोलायलाच हवं. लॉकडाउनमध्ये आमच्या गल्लीत ज्या घरात एकच फोन होता, तिथे आधी भावाचा तास व्हायचा आणि वेळ उरला तर बहिणीचा. आजही पोरीचा फोन कोणीही घेऊन तपासतं. तिच्या फोटोचा कोणी गैरवापर केला तर गुन्हा करणारा मोकळा आणि हिचा फोन बंद, कधी कधी कॉलेजही बंद. त्या भीतीने पोरी घरात सांगत नाहीत, एकट्या सोसतात आणि पैसेही देऊन बसतात. आईबापांनो, पोरगी असं काही सांगायला आली तर पहिलं वाक्य 'फोन दे इकडे' हे नको. '१९३० ला फोन लावू' हे असू द्या. सायबर फसवणुकीची तीच हेल्पलाइन आहे, आणि पैसे गेले असतील तर जितक्या लवकर लावाल तितकी ते थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आता माझी मागणी. दिवाळीनंतर राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरं लागतात. सात दिवस आपण गावात राहतो. रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, रात्री व्याख्यान होतं. ते सगळं करूच. पण रोज संध्याकाळी जेवणाआधीचा एक तास पारावर फोन घेऊन बसूया. व्याख्यान नको. ज्याचा फोन त्याच्याच हातात ठेवायचा, आपण बटण दाबायचं नाही, त्यानेच दाबायचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे एक रुपया पाठवून दाखवायचं. एपीके कसं दिसतं ते दाखवायचं. 'फॉरवर्डेड' ही खूण कुठे येते ते दाखवायचं आणि ती का आली हे सांगताना राईनपाड्याचं नाव घ्यायचं. ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांचं चेहऱ्याने ई-केवायसी तिथेच करून द्यायचं. बायांसाठी वेगळी वेळ ठेवायची, बाप्यांच्या गर्दीत त्या विचारत नाहीत.

सरांशी मी बोलले आहे, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा, कारण शिबिराचं वेळापत्रक एकदा छापलं की बदलत नाही. आणि आमच्याकडे यायचं असेल तर अहिराणी नीट बोलणारे आधी कळवा. समजावून सांगायला तीच लागणार आहे.