नाताळचे पैसे वेगळ्या खात्यात असावेत

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला झाला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीची, म्हणजे आपण ज्याला आरडी म्हणतो त्या खात्याची, मुदत पूर्ण झाली. नाताळसाठी दरमहा दोन हजार रुपये बाजूला पडावेत म्हणून ते गेल्या डिसेंबरात उघडले होते. रक्कम बचत खात्यात जमा झाली त्याच दुपारी मी पुढच्या वर्षाच्या नाताळचे खाते उघडले आणि मगच जांभळी नाक्यावर रवा, तूप, काजू, मनुका आणायला गेले. हा क्रम मी जाणीवपूर्वक पाळते, कारण पुढच्या वर्षी नेमके किती लागतील याचा अंदाज खर्च डोळ्यांसमोर असतानाच येतो. मार्चमध्ये तोच आकडा आपण हमखास कमी धरतो.

आमच्या घरी अनेक वर्षे नाताळचे पैसे पगाराच्याच खात्यात असत. 'दर महिन्याला दीड-दोन हजार राहू द्यायचे' असे आम्ही दोघांनी ठरवलेले असे, आणि मेपर्यंत ते राहतही. जूनमध्ये मुलीची फी, वह्यापुस्तके आणि रेनकोट येत, पुढे कधी सोसायटीची जादा वर्गणी निघे, एका पावसाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन आले. यातला कोणताही खर्च चुकीचा नव्हता. अडचण अशी होती की खात्यात दिसणाऱ्या आकड्यापैकी नाताळचे किती आणि घरखर्चाचे किती हे कुठेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे जो खर्च आधी दारात उभा राहील तो ते पैसे घेऊन जाई. डिसेंबरात मुलांचे कपडे, वसईच्या घरी न्यायच्या भेटी, नेवऱ्या-कलकल या फराळाचे सामान आणि केक हे सगळे क्रेडिट कार्डावर जाई. जानेवारीत पूर्ण बिल भरता आले नाही, तर दरमहा साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागते. एका वर्षी आमचा नाताळ आम्ही ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळापर्यंत फेडत होतो, आणि त्या महिन्यांत घरात पैशांवरून जे शब्द बोलले गेले ते मला आजही बोचतात.

आरडीविषयी पहिला आक्षेप व्याजाचा असतो, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. दर साडेसहा टक्के धरला, तर चोवीस हजारांवर पंधराशे साठ रुपये मिळतील असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सुमारे साडेआठशे मिळतात आणि मग बँकेने फसवले अशी समजूत होते. पहिला हप्ता बारा महिने व्याज कमावतो, दुसरा अकरा, आणि शेवटचा केवळ एकच महिना. म्हणजे सरासरीने आपले पैसे बँकेत जेमतेम साडेसहा महिने असतात. हीच रक्कम याच गतीने अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात साठली असती, तर सव्वातीनशे रुपये मिळाले असते. फरक पाचशे रुपयांचा, म्हणजे अर्धा-पाऊण किलो काजूंचा. तेवढ्यासाठी मी हे लिहीत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: आरडीचा दर उघडतानाच ठरतो आणि मुदतभर तोच राहतो. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला, त्यापाठोपाठ मोठ्या बँकांनी बचत खात्याचे व्याज अडीच टक्क्यांपर्यंत खाली आणले. माझ्या चालू आरडीला मात्र त्याची झळ लागली नाही.

दुसरा पर्याय भिशीचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. माझ्या आईने आमच्या जुन्या चाळीतल्या भिशीत सलग आठ वर्षे पैसे भरले. सात वर्षे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे हातात आले. आठव्या वर्षी भिशी चालवणाऱ्या बाई दिवाळीनंतर खोली रिकामी करून निघून गेल्या. आईकडे एक वही होती, तिच्यात त्यांच्या हातच्या सह्या होत्या, आणि त्या वहीचा काही उपयोग झाला नाही. त्या वर्षी आईने बाहेरून काही न आणता घरातल्याच तांदळाचे गोड केले आणि आम्हा भावंडांना कारण सांगितले नाही. ते मला लग्नानंतर कळले. असे केवळ आपल्या चाळींतच घडते असेही नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००६ मध्ये फेअरपॅक नावाची, वर्षभर हप्ते घेऊन नाताळला सामान आणि व्हाउचर देणारी कंपनी बुडाली, आणि एक लाखाहून अधिक ग्राहकांचा त्या वर्षीचा नाताळ ऐन तोंडावर गेला. ते पैसे बँकेतल्या ठेवी नव्हत्या, त्यामुळे ठेवींना मिळणारे संरक्षणही त्यांना मिळाले नाही.

आपल्याकडेही नेमका हाच भेद पाहायला हवा. व्यापारी बँक असो वा सहकारी बँक, तिथल्या बचत खात्याला, मुदत ठेवीला आणि आरडीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते; एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत, आणि ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती एक लाख होती. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. दुकानावर रोज थोडी थोडी बचत गोळा करायला येणारा पिग्मी एजंट ओळखीचा आणि सज्जन असतो, याबद्दल मला शंका नाही. पण पैसे बँकेत जातात की पतसंस्थेत, हे त्याला एकदा विचारून घ्यावे. पोस्टाची आरडी सुरक्षित आहे, परंतु तिची मुदत पाच वर्षांची आणि तीन वर्षांआधी ती मोडता येत नाही, म्हणून दरवर्षीच्या सणाला ती सोयीची नाही. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा, सल्ला देणाऱ्या मित्रांना एवढेच सांगते, की ज्या पैशांची तारीख २५ डिसेंबर अशी ठरलेली आहे, ते बाजाराच्या चढउतारावर सोडू नयेत.

सणासाठी वेगळे खाते ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या ट्रस्ट कंपनीने १९०९ मध्ये नाताळसाठी असे बचत खाते सुरू केले आणि पुढे ती पद्धत तिथे देशभर पसरली. आपल्याला त्यासाठी खास योजनेची गरज नाही. साध्या आरडीने तेच काम होते.

खाते उघडताना मी तीन-चार गोष्टी आवर्जून पाहते. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन दिवसांची ठेवते आणि हप्ता आपोआप कापला जाण्याची सूचना देते, कारण चुकलेल्या हप्त्याला बँका दंड लावतात. मुदतीआधी मोडले तर व्याज किती कापणार हे विचारते. ती कपात मला गैरसोयीची वाटत नाही, उलट जूनमध्ये हात आखडायला तिचीच मदत होते. वारसाचे नाव लावते. मुदत पूर्ण झाल्यावर रक्कम पुन्हा बचत खात्यातच येते, म्हणून त्याच आठवड्यात सामानाची खरेदी उरकते. यंदा तूप आणि सुक्या मेव्याचे भाव पाहून पुढच्या वर्षाचा हप्ता मी दोन हजार तीनशे केला आहे.

आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरातल्या, ज्या भगिनींना बँकेचा फॉर्म भरायला संकोच वाटतो, त्यांनी मला निरोप पाठवावा किंवा रविवारच्या मराठी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर, भेटावे. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बँका उघड्या असतात आणि मलाही सुटी असते. आधार, पॅन आणि पासबुक घेऊन या, मी सोबत येईन.