‘पैसे दुर्बिणीत घाला, माउंट कोणताही चालेल’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

नाशिकच्या आकाशप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर फोनवरून हातोहात पुढे पाठवला जात आहे. खगोल छायाचित्रण नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या मजकुराचा आशय थोडक्यात असा आहे. सगळे पैसे दुर्बिणीच्या नळीत घालावेत आणि निदान आठ इंची परावर्तक (आरशाची) दुर्बीण घ्यावी. माउंट म्हणजे नुसता स्टँड, मिळेल तो चालतो. गो-टू (वस्तू आपोआप शोधून देण्याची सोय) असेल तर माउंट उंची-दिगंश पद्धतीचा (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा) आहे की विषुववृत्तीय (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारा), याने फरक पडत नाही. विषुववृत्तीय घेतलाच, तर तो ध्रुवताऱ्यावर रोखला की काम झाले. कॅमेरा जितक्या जास्त मेगापिक्सेलचा तितका चांगला, आणि सेन्सर थंड करणारा कॅमेरा ही निव्वळ चैन. शेवटी, नाशिक शहरातून काहीही टिपता येत नाही. यातले शेवटचे विधान अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत. त्यांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण अशाच सल्ल्यावर विसंबून घेतलेल्या चांगल्या दुर्बिणी वर्षभरात माळ्यावर गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्या बहुतेक वेळा अकरावी-बारावीतल्या मुलामुलींच्या हट्टाखातर घरच्यांनी पदरमोड करून घेतलेल्या होत्या.

पहिला दावा नळीचा आहे. डोळ्यांनी पाहायचे असेल, तर मोठ्या आरशाचा उपयोग निर्विवाद आहे, कारण तारा दृष्टिक्षेत्रात हळूहळू सरकला तरी पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. सेन्सर मात्र एक-दोन मिनिटे सलग प्रकाश साठवत राहतो आणि तेवढ्या काळात पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकत असते (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला). हे सरकणे रद्द करण्याचे काम नळी करत नाही, माउंट करतो. ते किती अचूक व्हायला हवे, हे एका साध्या हिशेबाने कळते. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने (आरशापासून किंवा भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराने) भागावे, म्हणजे एका पिक्सेलवर आकाशाच्या किती विकला येतात ते मिळते. आजकालच्या अनेक खगोल कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो. आठ इंची, एफ/५ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट असलेल्या) परावर्तकाचे नाभीय अंतर १००० मिलिमीटर असते, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.७८ विकलांचा झाला. आता माउंटमधल्या वर्म गिअरच्या (अक्ष फिरवणाऱ्या मळसूत्री दातेचाकाच्या) घडणीतल्या बारीक दोषामुळे तारा दर फेऱ्याला मागेपुढे हलतो. या पिरिऑडिक एररमुळे एका मिनिटात तारा १० विकला सरकला असे धरले, जे स्वस्त माउंटच्या बाबतीत मुळीच अवास्तव नाही, तर आठ इंचीवर ती चूक जवळजवळ १३ पिक्सेलची दिसते. त्याच माउंटवर ४०० मिलिमीटरचा छोटा अपवर्तक (भिंगाची दुर्बीण) लावला, तर ती पाच पिक्सेलची होते, आणि १३५ मिलिमीटरची साधी लेन्स लावली, तर दोन पिक्सेलहूनही कमी. माउंट तोच आणि चूकही तेवढीच असताना एका चित्रात तारे रेघोट्या होतात, तर दुसऱ्यात गोल राहतात.

गायडिंग केले की हा प्रश्न मिटतो, असे यावर सांगितले जाते. वेगळा छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि पीएचडी २ सारखी संगणकप्रणाली त्यानुसार माउंटला दुरुस्त्या पाठवते, हे खरेच. एचईक्यू ५ या प्रचलित माउंटमध्ये १३५ दात्यांचे चाक असल्याने वर्मचा एक फेरा सुमारे ६३८ सेकंदांचा असतो आणि इतका संथ दोष गायडिंग सहज सावरते. परंतु वाऱ्याचा झोत, सैल दातेचाकांतली मोकळीक आणि वजनाने डगमगणारा ट्रायपॉड हे दोष सेकंदाच्या आत घडतात आणि दुरुस्ती पोहोचेपर्यंत चित्र बिघडलेले असते. आठ इंची परावर्तकाची नळीच आठ-नऊ किलोची असते. तिच्यावर कड्या, गायडिंगची दुर्बीण, कॅमेरा आणि वायरी चढल्या की ईक्यू ५ वर्गातल्या माउंटची मर्यादा ओलांडली जाते किंवा तिच्या अगदी काठावर येते. उत्पादक जी भारमर्यादा सांगतात ती बहुधा पाहण्यासाठीची असते, म्हणून छायाचित्रणासाठी तिच्या निम्म्याच्या आसपास थांबावे, हा अनुभवी मंडळींचा नियम मला योग्य वाटतो. शिवाय प्रश्न केवळ किलोंचा नसतो. मीटरभर लांबीची रुंद नळी वारा धरते, आणि अंजनेरीच्या पठारावर किंवा घाटमाथ्यावर वाऱ्याची कमतरता नसते. हल्ली मिळणारे हार्मोनिक ड्राइव्हचे (लवचिक दातेचाकावर चालणारे) हलके माउंट काउंटरवेटशिवाय (समतोलासाठीच्या वजनाशिवाय) बरेच वजन पेलतात आणि गाडीतून न्यायला फार सोयीचे असतात. मात्र त्यांची पिरिऑडिक एरर मोठी असते आणि गायडिंगशिवाय ते दीर्घ एक्स्पोजरला उपयोगी पडत नाहीत, हे घेताना लक्षात असावे.

मोठ्या नळीचा आणखी एक तोटा मजकुराच्या लेखकाने विचारातच घेतलेला नाही. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरलेली आहे. एपीएस-सी आकाराच्या (बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये असतो त्या) सेन्सरवर १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून जेमतेम सव्वा अंश रुंदीचे क्षेत्र मिळते, तर ४०० मिलिमीटरमधून तीन अंशांहून अधिक. नवशिक्याला जे तेजोमेघ आणि दीर्घिका प्रथम टिपाव्याशा वाटतात, त्यांतले बरेचसे छोट्या दुर्बिणीतच पूर्ण मावतात.

आता गो-टूचा दावा पाहू. गो-टू म्हणजे वस्तू शोधून देण्याची सोय. माउंटची भूमिती त्याने बदलत नाही. उंची-दिगंश माउंट तारा चौकटीच्या मध्यावर ठेवतो, पण त्याभोवतीचे क्षेत्र हळूहळू फिरत राहते आणि गायडिंग लावले तरी हे फिरणे थांबत नाही. त्याचा वेग अक्षांश, दिशा आणि उंची या तिन्हींवर ठरतो. पूर्वेला आणि पश्चिमेला तो शून्य असतो, उत्तर-दक्षिण रेषेवर सर्वाधिक, आणि वस्तू जसजशी डोक्यावर येते तसतसा झपाट्याने वाढतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे दक्षिणेला ६० अंश उंचीवर असलेल्या वस्तूभोवतीचे क्षेत्र तासाला सुमारे २८ अंश फिरते. ३० सेकंदांच्या एका एक्स्पोजरमध्ये मध्यापासून १५०० पिक्सेलवरचा तारा त्यामुळे सहा पिक्सेल सरकतो, आणि वस्तू ८० अंशांवर गेली की तोच सतरा-अठरा पिक्सेल सरकतो. दिशा आणि उंची तीच ठेवली, तर लंडनच्या तुलनेत आपल्याकडे हा वेग दीडपट पडतो, त्यामुळे परदेशी अनुभवावर बेतलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. त्यातही पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, कृत्तिका, वृषभेतला कर्क तेजोमेघ या सर्वांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडील अंतर) २० ते २४ अंशांच्या दरम्यान असल्याने ही मंडळी नाशिककरांच्या जवळजवळ डोक्यावरून जातात. हवेचा थर जिथे सर्वांत पातळ आणि चित्र जिथे सर्वांत स्वच्छ, नेमके तिथेच उंची-दिगंश माउंट सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो.

याचा अर्थ तो टाकाऊ आहे असा नाही. चंद्र आणि ग्रह टिपताना मिलिसेकंदांच्या हजारो चौकटींचा व्हिडिओ घेऊन त्यांतल्या उत्तम चौकटी ऑटोस्टॅकर्टसारख्या प्रणालीने एकत्र केल्या जातात, आणि तिथे क्षेत्राच्या फिरण्याने काही अडत नाही. दहा-दहा सेकंदांच्या चौकटी फिरवून जुळवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणीही याच पद्धतीच्या माउंटवर चांगले काम करतात. त्यात चित्राच्या कडा काही प्रमाणात कापल्या जातात, एवढेच.

ध्रुवताऱ्याचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो बरोबर वाटतो. ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून आज सुमारे ४० कला दूर आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाहूनही अधिक. माउंटचा अक्ष ध्रुवाऐवजी थेट ताऱ्यावर रोखला, तर या चुकीमुळे तारे मिनिटाला दहा विकलांपर्यंत उत्तर-दक्षिण घसरू शकतात. गायडिंगने एक तारा जागेवर राहील, पण त्याच्याभोवती चित्र फिरेल. पोलर स्कोपमधल्या (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर ध्रुवतारा त्या वेळेच्या योग्य स्थानी ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. नाशिकहून ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २० अंश वर असतो, त्यामुळे सिडको-इंदिरानगरसारख्या दाट वस्तीत तो समोरच्या इमारतीआड जातो आणि मोकळ्या जागीही धुरकटात मंदावतो. अशा वेळी शार्पकॅप किंवा निनासारख्या संगणकप्रणाली वापराव्यात. त्या आकाशाची काही चित्रे घेऊन ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवतात आणि अक्ष किती व कुठे वळवायचा ते सांगतात. त्यांपैकी निनामधल्या त्रिबिंदू पद्धतीला ध्रुवतारा दिसण्याचीही गरज लागत नाही. आणखी एक गोष्ट खरेदीआधीच तपासायला हवी. २० अंशांवर माउंटचा ध्रुवाक्ष बराच आडवा होतो, त्यामुळे काही माउंटमध्ये काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. किमान अक्षांशाची मर्यादा माहितीपत्रकात छापलेली असते.

कॅमेऱ्याबद्दल फार लांबण लावण्याची गरज नाही. सोनीचे ९ मेगापिक्सेलचा आयएमएक्स ५३३, २६ मेगापिक्सेलचा आयएमएक्स ५७१ आणि ६१ मेगापिक्सेलचा आयएमएक्स ४५५ हे तिन्ही सेन्सर ३.७६ मायक्रॉनच्याच पिक्सेलचे आहेत. एकाच दुर्बिणीवर तिघांतून मिळणारा तपशील सारखाच असतो. फरक पडतो तो क्षेत्राच्या आकारात, आणि मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत तारे नीट ठेवायचे तर दुर्बीणही तितक्याच तोलामोलाची लागते. सेन्सर थंड करण्याला चैन म्हणणे तर आपल्या हवामानात विशेष चुकीचे आहे. साधारण सहा-सात अंश सेल्सिअस तापमान वाढले की सेन्सरमधला उष्णताजन्य प्रवाह दुप्पट होतो. मे महिन्यातल्या २५ अंशांच्या रात्री कॅमेरा उणे १० वर ठेवला, तर हा प्रवाह सुमारे तीस पटींनी घटतो. त्याहून मोठा फायदा असा की तापमान ठरावीक राहिल्याने डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करण्यासाठीच्या चौकटी) एकदाच घेऊन महिनोन्‌महिने वापरता येतात. पैसे मर्यादित असतील, तर घरातल्या जुन्या डीएसएलआरने सुरुवात करावी, असेच मी सांगेन. तिच्या सेन्सरसमोरची गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, त्यामुळे लाल तेजोमेघ फिके येतील, पण दीर्घिका, तारकागुच्छ आणि कृत्तिकांचा निळा तेजोमेघ तिने उत्तम टिपता येतो. वाचलेली रक्कम माउंटमध्ये घालावी.

राहिला शहराचा प्रश्न. चंद्र आणि ग्रहांना शहरी उजेडाने काहीही फरक पडत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक तरंगलांबींत चमकणारे तेजोमेघ दुहेरी नॅरोबँड फिल्टर (फक्त त्या तरंगलांबी आत सोडणारा) लावून गंगापूर रोडवरच्या गच्चीतूनही टिपता येतात. मृगातला मोठा तेजोमेघ जानेवारीच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास ६५ अंश उंचीवर असतो आणि तो पुष्कळ तेजस्वीही आहे. दीर्घिकांचे मात्र तसे नाही. त्यांचा प्रकाश सर्व तरंगलांबींत पसरलेला असल्याने फिल्टर त्यांना वाचवू शकत नाही, आणि आकाश एका प्रतीने (तेजस्वितेच्या खगोलीय मापाने) अधिक उजळ असेल, तर तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी सुमारे अडीच पट एकूण एक्स्पोजर लागतो. तीन प्रतींचा फरक असेल, तर सोळा पट. म्हणून दीर्घिकांसाठी हरसूल किंवा पेठच्या बाजूला जाणे सार्थकी लागते. तिथे नाशिकचा उजेड पूर्वेकडे राहत असल्याने वस्तू मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला झुकल्यावर चौकटी घ्याव्यात, आणि त्या क्षणी विषुववृत्तीय माउंटला नळी दुसऱ्या बाजूला पलटवावी लागते हे धरून रात्रीचे वेळापत्रक आखावे.