टर्बोची नळी आणि माशांच्या टाकीचा नॉब

"टर्बोच्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक नळी काढून तोंड बोल्टने बंद करा, नाहीतर तिच्यात माशांच्या टाकीचा नॉब बसवा; पिकअप दुप्पट, मायलेज जास्त, आणि ईसीयूला पत्ताही लागत नाही," असा संदेश सध्या फिरतो आहे. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, ॲक्च्युएटर त्याचा जोर आवरतो, आणि ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक.) रविवारी सकाळी माझा भाचा सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या सोसायटीत बॉनेट उघडून, हातात तो हवा कमी-जास्त करणारा हिरवा नॉब घेऊन उभा होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नळी बंद करण्याचा सल्ला सर्वांत घातक. काँप्रेसरमधला, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातला दाब याच नळीने ॲक्च्युएटरच्या डबीतील पडद्यावर येतो, स्प्रिंगला मागे सारून दांडा ढकलतो, आणि वेस्टगेट नावाचे दार उघडून जादा एक्झॉस्ट टर्बाइनला (टर्बो फिरवणाऱ्या चाकाला) वळसा घालून जातो. नळीच बंद केली, तर पडद्यापर्यंत दाब पोहोचत नाही, वेस्टगेट मिटलेलेच राहते आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बो आणखी सुटतो. मग पेट्रोल इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे धक्के) होऊन पिस्टन जायला वेळ लागत नाही.

नॉबमागे अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून थोडी हवा सोडली की पडद्यावर खऱ्यापेक्षा कमी दाब येतो आणि अर्ध्या बार दाबाला उघडणारे वेस्टगेट उशिरा उघडते. पण त्यासाठी धातूचा व्हॉल्व्ह, घट्ट क्लिपा आणि डोळ्यांसमोर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, दाखवणारा गेज हवा. बॉनेटखालच्या उष्णतेत मऊ पडणारे प्लास्टिक नव्हे.

ईसीयूला कळत नाही म्हणे! नॉकिंग टिपणाऱ्या सेन्सरचे ऐकून सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हने) वेस्टगेट सांभाळणारी यंत्रणा साब या स्वीडिश कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गाड्यांत दिली होती. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा आजचा मॅप सेन्सर जादा दाब टिपतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद आवरून जपून चालण्याच्या अवस्थेत जाते. मायलेजबद्दल काय बोलावे?

गंमत अशी की भाच्याची गाडी रांजणगावच्या फियाट कारखान्यातली, १.३ मल्टिजेट डिझेल, ९० पीएसची. तिच्या टर्बोला वेस्टगेटच नाही. ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर (हवा ओढून केलेल्या पोकळीवर) टर्बाइनभोवतीची पाती फिरवतो, आणि नळी काढली तर पाती उघडी राहून बूस्ट उलट घटतो. हा व्हॅक्यूम ब्रेकला मदत करणाऱ्या पंपाकडूनच येतो, हे त्या संदेशकर्त्याच्या गावीही नसावे.

पिकअप पडल्याची भाच्याची तक्रार मात्र खरी होती. सोलेनॉइडजवळ ती व्हॅक्यूमची नळी टोकाला तडकलेली निघाली. नाना पेठेतून नवी आणून बसवली, आणि कात्रजच्या चढावर गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये ओढू लागली.